काजूतले दोन

कृष्णनाथ कोरगावकराने एकवीस वर्षांत स्कोअरच्या वहीत एकदाच खाडाखोड केली. ती त्याने जपून ठेवली आहे, आणि घरी पाहुणा आला की चहाच्या आधी ती दाखवली जाते. ज्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, त्यालाही दाखवली जाते. पाहुणा भिडस्त असला तर बिचारा मान डोलावतो. नसला आणि त्याने कारण विचारलं, तर त्याला सगळी हकीकत ऐकावी लागते आणि मग चहाही दोनदा होतो.

कृष्णनाथ पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. आठवडाभर जमिनीच्या नोंदी लिहायच्या आणि रविवारी सड्यावर जाऊन धावांच्या, असा त्याचा क्रम. अक्षर दोन्हीकडे सारखंच सुबक. स्कोअर लिहायला तो शाईचं पेन वापरायचा. पेन्सिलीने लिहिणारा माणूस आधीच चूक करायची तयारी ठेवून बसलेला असतो, असं त्याचं मत होतं. चेंडू पूर्ण थांबला, पंचांनी हात वर-खाली केले, की मगच त्याचं पेन हलायचं. त्यामुळे खोडायची वेळ येतच नसे. सगळा तालुका त्याला 'बुककार' म्हणायचा आणि तो मनातून सुखावायचा.

वही लिहायचं वेड त्याला लागलं त्याचं कारण मात्र सुखाचं नव्हतं. बहात्तर साली तो स्वतः तालुक्याचा विकेटकीपर होता. उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली ती तेव्हाच. एका मोसमात त्याने एकोणीस झेल घेतले, आणि मोसम संपल्यावर एका वाक्यात त्याला काढून टाकलं: "ह्याका बॅट धरूक येयना." येत नव्हती, हेही खरंच. अकराच्या वर त्याच्या धावा कधी गेल्या नाहीत. पण त्या एकोणीस झेलांची नोंद कुणीच ठेवली नव्हती, आणि ते त्याला फार लागलं. चार वर्षांनी त्याने कोरी वही आणली ती यासाठी, की यापुढे या सड्यावर कुणालाही तोंडच्या एका वाक्यावर घरी पाठवलं जाऊ नये.

हा सडा म्हणजे मोपाच्या वाटेवरचं जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. त्या भागात आता विमानं उतरतात. तेव्हा तिथे फक्त चेंडू उतरायचे. सड्यावर सगळी षटकं एकाच टोकाने टाकली जायची, त्यामुळे फलंदाजाच्या उजव्या हाताला कायम सगळा मोकळा दगड होता. तिकडे चेंडूला नुसता धक्का दिला तरी तो घरंगळत सीमेपार जायचा. डावीकडे मात्र पस्तीस पावलांवर काजूची बाग सुरू व्हायची. ती बाग कृष्णनाथाच्या सासऱ्यांची, आणि तिची राखण करायची त्याची बायको पद्मावती.

क्लब नवा होता तेव्हा चेंडू शोधायला पोरं त्या बागेत घुसायची आणि मोहोर तुडवायची. एका रविवारी पद्मावती हातातला कोयता न ठेवताच मैदानाच्या मधोमध येऊन उभी राहिली. "चेंडू आमच्या काजीत पडलो तर दोन रन लिवा आणि दुसरो चेंडू घेया," ती म्हणाली. "भितर पाय कोणी घालूचो नाय. चेंडू सांजचे मी आणून देतंय." कोयता पाहून पंचांनी तेव्हाच नियम मान्य केला. तेव्हापासून सड्यावर काजूत गेलेल्या चेंडूला दोन धावा मिळायच्या, मग तो काठावर पडो नाहीतर बागेच्या पोटात. कृष्णनाथ अशा दोनच्या आकड्याखाली एक बारीक ठिपका देई. का देई, हे त्यालाही सांगता आलं नसतं. नोंद पुरी असावी, एवढंच.

गोष्ट सत्त्याण्णवच्या एप्रिलमधली. चाळीस षटकांच्या तालुका चषकात पेडणे अंतिम सामन्यात पोहोचलं होतं. समोर डिचोली, मैदान कारापूरचं. संघ जवळपास ठरला होता, अडलं होतं ते एका कीपरवर. आधीच्या वर्षी वर्ल्डकपात श्रीलंकेने आपला कीपर सलामीला पाठवला आणि त्याने नव्या चेंडूला झोडपून काढलं, तेव्हापासून सगळ्या गोव्याला वाटायला लागलं होतं की कीपर म्हणजे आधी बॅट आणि मग ग्लोव्हज. पेडण्यात कीपर दोन होते. एक मधुकर, सलामीला खेळणारा, देखणे फटके मारणारा, पण चेंडू पायांमधून सोडणारा. दुसरा विठू. हा सातव्या नंबरावर यायचा. पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल घेऊन तो पेडणे-म्हापसा पायलटचा धंदा करायचा, म्हणजे मागे एक माणूस बसवून त्याला पोहोचवायचा. आईबाप सातार्ड्याहून मजुरीला आलेले. यष्टीमागे त्याचे हात इतके हलके की चेंडू ग्लोव्हजमध्ये गेल्याचा आवाज यायचा नाही. कृष्णनाथाला तो मनापासून आवडायचा आणि म्हणूनच त्याच्याबाबतीत तो जास्त कडक असायचा.

ट्रकवाले बाबुराव कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, तासभर आरडाओरडा झाला. अर्धे मधुकरकडे, अर्धे विठूकडे. गेल्या वर्षी कॅप्टन निवडताना देवाला प्रसाद लावला होता, म्हणजे फुलाच्या पाकळ्या लावून कौल घेतला होता. पाकळी उजवी पडली, कॅप्टन ठरला, आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. "यंदा देवाक तरास नको," बाबुराव म्हणाले. "कृष्णनाथाच्या बुकाक विचारया. बुक सांगता ता मी आयकतंय."

एकवीस वर्षांत प्रथमच वहीला कुणी काही विचारलं होतं. कृष्णनाथाने घसा साफ केला. दोघांचे गेल्या दोन वर्षांतले बावीस-बावीस डाव त्याने आधीच मांडून ठेवले होते. विठूची सरासरी निघत होती बत्तीसच्या आसपास, मधुकरची सव्वीस. विठूची माणसं टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा कृष्णनाथाने हात वर केला.

"सरासरीक भुला नकात," तो म्हणाला. "विठू बावीस डावांत तेरा वेळा नाबाद. सातव्या नंबराचो माणूस नाबाद रवता, कारण षटकां सोपतत. तो कोणाक आवरणा नाय म्हणून न्हय. भागताना ते तेरा डाव धरणत नाय, म्हणून सरासरी फुगता." आता मधुकरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांनाही त्याने थांबवलं. एकूण धावा मोजणंही अन्यायाचंच होतं. सलामीवाल्याला चाळीस षटकं मोकळी असतात, सातव्याला उरतात ती तीन-चार. मग दोघांना एका मापाने मोजायचं कसं? कृष्णनाथाच्या मते माप एकच: चेंडू. शंभर चेंडूंत किती धावा? सातव्यावर येणाऱ्याचं तर कामच ते. विठूने तीनशे नव्वद चेंडूंत दोनशे श्याऐंशी केल्या होत्या, म्हणजे शंभराला त्र्याहत्तर. मधुकरने सातशे चेंडूंत पाचशे शेहेचाळीस, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. नवा चेंडू खेळणारा मधुकर, शेवटी फटकेच मारायला येणाऱ्या विठूपेक्षा वेगवान होता. बायच्या धावा धरल्या तर मधुकर सामन्याला अडीच जास्त सोडत होता, पण तेवढ्याने तराजू फिरत नव्हता.

"म्हणजे कोण?" बाबुरावांनी विचारलं.

"मधुकर," कृष्णनाथ म्हणाला.

विठू खांबाला टेकून उभा होता. त्याने वाद घातला नाही. "बुकात आसा तर तसाच आसतला, काका," एवढं म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. तो भांडला असता तर कृष्णनाथाला बरं वाटलं असतं. घरी येऊन तो जेवला नाही. पद्मावतीने कारण विचारलं आणि ऐकल्यावर म्हणाली की तेवीस वर्षांच्या पोराला बॅट येत नाही म्हणून आपण एकोणपन्नास वर्षांच्या माणसाने उपाशी राहायचं, हे तिने कुठे पाहिलं नव्हतं.

गुरुवारी रजा टाकून कृष्णनाथ सासऱ्यांच्या बागेत गेला. काजूचा भर मोसम होता. बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिरगळून बिया वेगळ्या करायच्या, रसाचे बोंडू फेणीच्या भट्टीकडे न्यायचे. भट्टीची शेड बागेच्या पार पलीकडच्या टोकाला, तिच्या छपरावर मातीचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, घातलेले. पद्मावती तिथे पदर खोचून उभी होती आणि फुटके नळे एका बाजूला रचत होती.

"हे सोळा झाले," ती म्हणाली. "दोन वर्सांत सोळा. त्या तुमच्या विठूक सांगा, शाकारूक येऊन बस म्हणान."

"विठूक कित्याक?"

"मग कोणाक? मधुकराचो चेंडू हंयसर कधी इलो नाय. गावता तो विठूचोच. हंय भट्टीर, नाय तर त्या बावडेकडे."

कृष्णनाथाच्या हातातला बोंडू खाली पडला. त्याने शेडकडे पाहिलं, मग मागे वळून मैदानाकडे. मैदान दिसतच नव्हतं, मध्ये सगळी झाडं होती. तो तिथून मैदानाच्या कडेपर्यंत चालत गेला, पावलं मोजत. पंच्याहत्तर भरली. कडेपासून यष्ट्यांपर्यंत आणखी पस्तीस. एकशेदहा पावलं चेंडू हवेतून जात होता, नळा फोडत होता, आणि तो खाली मान घालून दोन लिहीत होता.

रजा बागेतल्या कामासाठी टाकली होती, पण तो घरी पळाला. दुपारच्या उन्हात, खिडकीजवळच्या मेजावर वह्या उघडून बसला आणि ठिपके मोजायला लागला. विठूचे ठिपके भरले एकसष्ट. मधुकरचे चार. मधुकर सगळा उजवीकडच्या मोकळ्या दगडावर खेळायचा, जिथे धक्क्याला चौकार मिळायचा. विठू ओढून डावीकडे मारायचा, जिथे पद्मावतीचा कोयता उभा होता. एकेका ठिपक्याला नुसते चारच धरले, भट्टीच्या नळ्यांचे सहा सोडूनच दिले, तरी विठूच्या धावा होत होत्या चारशे आठ. तीनशे नव्वद चेंडूंत. शंभराला एकशेचार. मधुकर अठ्ठ्याहत्तरवरून जेमतेम एकोणऐंशीवर सरकत होता.

कृष्णनाथाला आनंदही झाला आणि रडूही आलं. ठिपके त्यानेच दिले होते. उत्तर त्याच्याच अक्षरात, त्याच्याच शाईत, दोन वर्षं त्याच्यापुढे पडून होतं. आणि त्याने काय केलं होतं, तर बहात्तर साली त्याच्याशी जे केलं गेलं, तेच, फक्त आकडे लावून.

शुक्रवारी सकाळी तो पायलटांच्या स्टँडवर उभा राहिला. विठूने त्याला पाहून मान खाली घातली. मोटारसायकलवर कृष्णनाथ जन्मात बसला नव्हता. दोन चाकांवर विश्वास ठेवायला तो तयार नसे, म्हापशाला जायचं तर बस चुकली तरी दुसऱ्या बसची वाट पाही. आज तो चप्पल सावरत मागे चढला, वह्यांची पिशवी छातीशी धरली आणि म्हणाला, "बाबुरावशेटीकडे."

वाटेत त्याने सगळं सांगायला सुरुवात केली. वाऱ्यात शब्द उडून जात होते. "मी चुकलंय, विठू," तो ओरडला. विठूला वाटलं, वाट चुकली म्हणतोय. "ना काका, हीच वाट," म्हणून त्याने वेग वाढवला. "एकसष्ट," कृष्णनाथ डोळे मिटून ओरडला. विठूने वेगाचा काटा पाहिला, तो पन्नासवर होता. काका घाईत दिसतात, असं समजून त्याने आणखी पिळला. बाबुरावांच्या दारात कृष्णनाथ उतरला, तोवर विठूला एक अक्षर कळलेलं नव्हतं.

बाबुराव पाव आणि पातळ भाजी खात बसले होते. कृष्णनाथाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: बाग, ठिपके, नळे, एकशेचार. विठू दारात ऐकत होता. बाबुरावांच्या हातातला पाव भाजीत बुडून विरघळला.

"कृष्णनाथा," ते म्हणाले, "देवाक सोडून मी तुझ्या बुकाक विचारलंय. आता तू सांगतस, बुक खोटा?"

"बुक खरा आसा, शेटी. मी वाचूक चुकलंय." त्याने वह्या मेजावर ठेवल्या. "उद्या माका बुककार म्हणा नकात, चलात. पण विठूक काढलो तर तो माझ्यामुळे काढलो असो होतलो, आणि तो भार माझ्याच्यान उचलूचो नाय."

बाबुरावांनी संघाची यादी पुढे ओढली. मधुकरला शब्द दिलेला, त्याला कसं काढायचं? कृष्णनाथ म्हणाला, काढायचं कशाला, त्याला सलामीला नुसता फलंदाज म्हणून खेळवा. ग्लोव्हज विठूला द्या. मग जागा एकच करावी लागत होती, अकराव्या माणसाची. अकरावा कोण, तर महादेव, म्हणजे बाबुरावांचा सख्खा पुतण्या. बाबुरावांनी यादीकडे पाहिलं, पुतण्याचं नाव वाचलं आणि खाकरले.

"म्हादेवाक मी सांगतंय," ते म्हणाले. "तसा पण त्याका ऊन बाधता."

रविवारी कारापूरला निम्मं पेडणे लोटलं. बाबुरावांनी दोन ट्रक काढले होते, पद्मावतीही एकात होती. सोबत उकडलेल्या चण्यांचा डबा. स्कोअरच्या मेजावर कृष्णनाथाच्या शेजारी डिचोलीचे यशवंत गावस बसले, साठीचे, तपकीर ओढणारे, कुणाच्याही धावेला मोकळेपणी शाबासकी देणारे.

विठूने त्या दिवशी एकही बाय दिली नाही. दोन झेल घेतले, आणि एक यष्टिचीत असा केला की फलंदाज आपण बाद आहोत हे कळायला थोडा वेळ उभाच राहिला. डिचोलीच्या एकशेएकाहत्तर झाल्या. पेडण्याकडून मधुकरने सुरेख एक्केचाळीस काढल्या. ग्लोव्हजचं ओझं उतरल्यावर त्याची बॅट आणखीच मोकळी झाली होती. पण नंतर विकेटी गेल्या, आणि पाच बाद एकशेछत्तीस असताना विठू आत आला. तीस चेंडूंत छत्तीस हव्या होत्या.

कृष्णनाथाने पेनात शाई आहे ना ते पाहिलं, दोनदा. त्याच्या आकड्यांवर आज एक माणूस उभा होता. विठू पडला असता तर उद्या सगळं पेडणे म्हणालं असतं की बुककाराला म्हातारचळ लागला. त्याला त्याची फिकीर नव्हती. त्याला भीती होती ती ही, की विठू पुन्हा म्हणेल, "बुकात आसा तर तसाच आसतला."

विठूने हळूहळू हात मोकळे केले. शेवटचं षटक आलं तेव्हा नऊ हव्या होत्या. चार चेंडूंत पाच निघाल्या. उरले दोन चेंडू, आणि हव्या होत्या चार. कारापूरच्या मैदानाला डाव्या हाताला काजू नव्हते, रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे उभे ट्रक. गोलंदाजाने चेंडू थोडा आखूड टाकला. विठूने तो ओढला. बॅटचा तो आवाज कृष्णनाथाने दोन वर्षांत एकसष्ट वेळा ऐकला होता. चेंडू कुठे जाणार हे त्याला ठाऊक होतं, बघायची गरजच नव्हती. पंचांच्या हातांकडेही न पाहता, सड्यावरच्या सवयीने मान खाली घालून त्याने लिहिलं: दोन. खाली ठिपका.

मग त्याने बेरीज केली. एकशेसत्तर. एक चेंडू, दोन हव्या. पुढच्या चौकटीवर पेन टेकवून तो वाट पाहत बसला. आरडाओरडा होत होता, पण शेवटच्या चेंडूआधी आरडाओरडा होणारच. चणे उडून वहीवर पडले, ते त्याने फुंकून बाजूला केले.

"कोरगावकर," शेजारून यशवंत गावस म्हणाले, "कोणाची वाट पळयतात?"

"शेवटचो चेंडू आसा न्हय."

"खंयचो चेंडू? तुमचीं माणसां मैदानात नाचतत." त्यांनी वाकून वहीत पाहिलं आणि तपकीर झटकत हसायला लागले. "दोन? अहो, ट्रकाच्या टपार पडलो तो. हंय काजू खंय आसत?"

कृष्णनाथाने मान वर केली. मैदानात विठूला खांद्यावर घेतलं होतं. बाबुराव एका ट्रकच्या टपावरचा पोचा सगळ्यांना दाखवत होते, तो ट्रक त्यांचाच होता आणि त्यांच्याइतका खूश माणूस त्या दिवशी कारापुरात दुसरा नव्हता. कृष्णनाथाने पुन्हा खाली पाहिलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने लिहिलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारली, ठिपक्यासकट, आणि वर लिहिलं सहा. शाई थोडी फुटली. पाच बाद एकशेचौऱ्याहत्तर. विठू, सतरा चेंडूंत नाबाद सत्तावीस. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

विठू मेजाकडे आला, घामाने निथळत. "काका, बुकात काय लिवलात?" त्याने विचारलं. कृष्णनाथाने वही त्याच्याकडे फिरवली. विठूने खोडलेला दोन पाहिला, वरचा सहा पाहिला, आणि त्याला मोटारसायकलवरचं ते एकसष्ट आता कुठे नीट समजलं. त्याने वाकून कृष्णनाथाच्या पायांना हात लावला. कृष्णनाथाने त्याला उठवलं आणि वाकड्या करंगळीच्या हाताने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली.

पावसाळ्यानंतर नवा मोसम सुरू झाला, तेव्हा पद्मावती पुन्हा मैदानात आली, या वेळी कोयत्याशिवाय. कारापूरला तिने सगळं पाहिलं होतं. "काजीत पडलो तर चार लिवा," ती पंचांना म्हणाली, "भट्टीर पडलो तर सहा. पण नळो फुटलो, तर ज्येणां फोडलो त्येणां नवो आणून घालूचो." पंचांनी नेहमीप्रमाणे मान्य केलं.

पहिल्याच रविवारी विठू मोटारसायकलवरून आला, तर मागच्या सीटवर सुतळीने बांधलेला एक कोरा नळा. सामना अजून सुरूही व्हायचा होता. त्याने तो सोडला, पद्मावतीच्या हातात दिला आणि पॅड बांधायला गेला. त्या दिवशी एक नळा पुरला नाही, दोन फुटले. कृष्णनाथाने दोन्ही वेळा मान वर करून चेंडू शेवटपर्यंत पाहिला, आणि दोन्ही वेळा सहा लिहिले, खाली ठिपका न देता.